चौगुलेबाईंचं ऑडिट

चौगुलेबाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी दारातच बूट काढले, माझ्या बायकोच्या, माधवीच्या, हातात घरच्या लाल तिखटाची पिशवी दिली आणि विचारलं, "फ्रिज कुठं आहे?"

आम्हाला वाटलं, काहीतरी गार ठेवायचं असेल. माधवीने स्वयंपाकघर दाखवलं. बाईंनी फ्रिज उघडला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि वरच्या फळीपासून भाजीच्या खणापर्यंत सगळं शांतपणे बघितलं. तीन डब्यांची झाकणं उघडली. एकाचा वास घेतला. मग फ्रिज बंद करून म्हणाल्या, "चांगलं घर आहे. एक मायनर. आमटी परवाची आहे, आज संपवून टाका. आल्झो, आता बसतो."

'बसतो' म्हणाल्या, 'बसते' नाही. बाई मूळच्या कोल्हापूरकडच्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. जर्मनीत तीस वर्षं काढूनही बाईंचं ते गेलेलं नाही. फक्त मधूनमधून जर्मन 'आल्झो', म्हणजे 'तर मग', आणि 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', त्यात येऊन बसलेत, पाहुणे येऊन राहावेत तसे.

त्या आमच्याच इमारतीत, न्युरेम्बर्गमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एकट्या. एका मोठ्या कंपनीत ऑडिटर आहेत. कंपनीला ब्रेकचे सुटे भाग पुरवणारे जे लहान-मोठे कारखाने आहेत, ते तपासायचं त्यांचं काम. चूक लहान असेल तर 'मायनर', म्हणजे सुधारा आणि पुढे चला. मोठी असेल तर 'मेजर', म्हणजे आधी काम थांबवा. पुरवठादार मोठ्या हॉलमध्ये कॉफी, केक आणि रंगीत स्लाइड्स मांडून बाईंची वाट बघत बसतात. बाई आत येतात आणि म्हणतात, "कागद नंतर बघू." मग थेट कामगारांच्या चहाच्या खोलीत जातात आणि तिथला फ्रिज उघडतात.

"दुधाच्या खोक्यांवर नावं किती आहेत ते बघायचं," त्यांनी मला एकदा समजावलं. "प्रत्येक खोक्यावर नाव असलं तर समजायचं, लोक एकमेकांवर चिडून आहेत. चिडलेला माणूस दुसऱ्याची चूक बघून गप बसतो. आणि ती चूक आपल्या ब्रेकमध्ये येते."

"आणि एकाही खोक्यावर नाव नसलं तर?"

"तर दूध कोण आणतंय ते शोधायचं. त्या माणसाला सगळं माहीत असतं."

ही सवय कामापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण बाई सगळ्या जगाचं ऑडिट करतात. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी आरतीच्या मधोमध मखर चार बोटं डावीकडे सरकवायला लावलं, कारण आणीबाणीचं दार अडत होतं. तो मेजर होता. मोदकांना मायनर मिळाला, पाकळ्या कमी पडल्या म्हणून. आमच्या इमारतीचा हाउसमाइस्टर, म्हणजे देखभाल करणारा, मोठा उग्र माणूस आहे. पण बाई जिन्यात दिसल्या की तो आपणहून खिशातला टॉर्च काढून कोपऱ्यात मारून दाखवतो.

तर अशा या बाईंना मी माझ्या मुलीच्या बाबतीत स्वतःहून बोलावलं नव्हतं. त्या आल्या.

झालं असं, की मुक्ताला, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीला, मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. विद्यापीठ न्युरेम्बर्गपासून रेल्वेने तीन तासांवर. त्याचं नाव सांगत नाही, नाहीतर बाईंनी त्याला दिलेले मायनर चारचौघांत जाहीर होतील. प्रवेशाच्या पत्रासोबत दोन निमंत्रणं होती. पहिलं ऑनर्सचं. मोजक्या मुलांना पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळेत काम, मार्गदर्शक म्हणून एक प्रोफेसर, जादा सेमिनार, शेवटी वेगळं प्रमाणपत्र, आणि कॅम्पसला लागून नव्या इमारतीत प्रत्येकाला स्वतंत्र स्टुडिओ. दुसरं निमंत्रण 'लेर्नहाउस'चं. म्हणजे शिकायचं घर. जुनी इमारत, चोवीस मुलं, सगळी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पण वेगवेगळ्या शाखांची. दर मजल्यावर बारा जणांत एक स्वयंपाकघर आणि एक बाथरूम, तळघरात वर्कशॉप, आणि वर्षभरात सगळ्यांनी मिळून एक काहीतरी यंत्र बनवायचं. दोन्हींच्या वेळा एकमेकांवर येत होत्या, त्यामुळे एकच निवडायचं होतं. उत्तराला दोन आठवडे.

माझ्या दृष्टीने यात निवडण्यासारखं काही नव्हतं. मी त्याच संध्याकाळी पुण्याला माझ्या थोरल्या भावाला, दादांना, फोन करून सांगितलं होतं, "मुक्ताला ऑनर्स मिळालं." माधवीलाही स्टुडिओच पसंत होता. बारा जणांत एक बाथरूम ही कल्पना तिला सहन होत नव्हती. राहिली मुक्ता. ती म्हणाली, "मिअर एगाल." म्हणजे मला काहीही चालेल.

मुक्ताशी आम्ही मराठीत बोलतो आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते. उत्तरं लहान असतात. शाळेत तिला एकच मैत्रीण होती आणि ती आता कोलोनला निघाली होती. त्या पंधरा दिवसांत आमच्या घरात 'एगाल' हा शब्द इतक्या वेळा आला की मी त्याला होकार समजायला लागलो.

एका शनिवारी बाई तिखटाची रिकामी पिशवी परत न्यायला खाली आल्या. टेबलावर मी केलेला तक्ता होता. डावीकडे ऑनर्सचे फायदे, उजवीकडे लेर्नहाउसचे. डावीकडे अठरा ओळी होत्या, उजवीकडे तीन. त्यातली एक 'भाडं कमी' अशी होती.

बाईंनी तक्ता वाचला. "अहो देवधर, हे काय आहे?"

"तुलना," मी म्हणालो.

"ही तुलना नाही. हा निकाल आहे, तुम्ही नंतर कारणं लिहिलीत." त्यांनी कागद उलटा ठेवला. "कागद नंतर बघू. जागा कुणी बघितली?"

कुणीच बघितली नव्हती. फोटो बघितले होते.

"फोटोत फ्रिज उघडा असतो का कधी?" असं म्हणून बाई मुक्ताकडे वळल्या. "मंगळवारी मला सुट्टी आहे. तू, मी आणि हे देवधर. सकाळची गाडी. ऑडिट तू करायचंस. मी नुसता सोबत."

"इश?" मुक्ता म्हणाली. मी?

"गेनाऊ. तिथं तू राहणार आहेस."

मंगळवारी गाडीत बाईंनी पिशवीतून एक क्लिपबोर्ड काढला, त्याला कोरे कागद लावले आणि आपलं हिरवं पेन मुक्ताला दिलं. त्या पेनाला त्यांच्या ऑफिसात कुणी हात लावत नाही असं मी ऐकून होतो. मुक्ताने ते बोटांत धरलं आणि तीन तास खिडकीबाहेर बघत बसली. मी ऑनर्सबद्दल एकदोन गोष्टी सांगायला लागलो, तर बाई म्हणाल्या, "ऑडिटरवर प्रवासात दबाव आणायचा नाही. पुरवठादार असता तर मेजर दिला असता."

आधी आम्ही ऑनर्सच्या इमारतीत गेलो. काच, लाकूड, शांतता. विद्यापीठाच्या ऑफिसमधून एक बाई आमच्यासोबत आल्या होत्या, त्यांनी रिकामा स्टुडिओ दाखवला. मोठी खिडकी, टेबल, भिंतीत बसवलेली शेगडी, चकाचक बाथरूम. मी मनातल्या मनात तिथे राहायला गेलोसुद्धा.

"रिकामा फ्रिज काही बोलत नाही," बाई मुक्ताला म्हणाल्या. "राहणाऱ्याचा बघायला पाहिजे. दार वाजव."

मुक्ताचे कान लाल झाले. तिने दोन दारं टाळली आणि तिसरं वाजवलं. मोज्यांवरच एक उंच मुलगा बाहेर आला. मुक्ता त्याला जर्मनमध्ये अगदी हळू म्हणाली, की ती इथे कदाचित राहायला येणार आहे, आणि त्याची हरकत नसेल तर तिला त्याचा फ्रिज बघायचा आहे. तो आधी दचकला. मग हसला आणि म्हणाला, या.

फ्रिजमध्ये एक चीज, एक दही आणि अर्धी काकडी होती. ओट्यावर एक ताटली, एक कप, एक काटा, धुऊन पालथे घातलेले. मुक्ताने लिहून घेतलं. पाच मिनिटांत निघायचं होतं. पण तो मुलगा बोलायला लागला. सेमिनार फार छान आहेत. प्रोफेसर स्वतः वेळ देतात. प्रयोगशाळा उत्तम. इमारत इतकी शांत आहे की अभ्यास भरपूर होतो. मग त्याने बिस्किटांचा डबा काढला. मग बहिणीचा फोटो दाखवला. मग त्याच्या गावच्या तळ्याबद्दल सांगितलं. ऑफिसच्या बाईंनी तीनदा घड्याळ बघितलं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा पाऊण तास झाला होता, आणि तो आमच्यासोबत लिफ्टपर्यंत मोज्यांवरच आला.

"बोलका मुलगा आहे," मी म्हणालो.

बाईंनी मुक्ताला वेळ लिहून घ्यायला सांगितलं. 

खालच्या मजल्यावर एक मुलगी भेटली, तिचा मात्र तिथे अगदी उत्तम जम बसला होता. ती आठवड्यातून तीनदा भिंतीवर चढायच्या क्लबात जायची, ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायची, आणि खोलीवर फक्त झोपायला यायची. तिच्या फ्रिजमध्ये काहीच नव्हतं आणि तिला त्याची फिकीरही नव्हती. "हेही लिही," बाई मुक्ताला म्हणाल्या. "खोली चांगली का वाईट, हा प्रश्नच नाही. कुणाला चांगली, ते बघायचं."

मग लेर्नहाउस. दार उघडताच आतून भांडण ऐकू आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात चार मुलं आणि दोन मुली एका किसलेल्या चीजच्या पाकिटावरून वाद घालत होती. ते कुणाचं होतं आणि कुणी संपवलं. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग. एक कढई तळापर्यंत जळालेली. फ्रिजच्या दारावर एक यादी, तिच्यावर खाडाखोड, खाडाखोडीवर कुणीतरी काढलेलं एक रागावलेलं डुक्कर.

"मेजर?" मी आशेने विचारलं.

"ऑडिटर ती आहे," बाई म्हणाल्या.

मुक्ता फ्रिजसमोर बराच वेळ उभी राहिली. दुधाचे चार खोके होते. एकावरही नाव नव्हतं. तिने वळून त्या भांडणाऱ्या मुलांना विचारलं, "दूध कोण आणतं?"

भांडण थांबलं. सगळ्यांनी एका कुरळ्या केसांच्या मुलीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, हो, मीच, कारण मी लवकर उठते. मग म्हणाली, तू खाली वर्कशॉप बघितलंस का, चल, आम्हाला तसाही एक जास्तीचा हात हवाय.

मुक्ता तिच्यामागून तळघरात गेली. आम्ही पायऱ्यांवर थांबलो. खाली ती मुलं सामान वाहून नेणारी तीनचाकी सायकल बनवत होती. मुक्ताला एक दांडा धरायला दिला. थोडा वेळ तिने तो गुपचूप धरला. मग तिचा आवाज आला. मागचं चाक दोन मिलिमीटर तिरकं बसतंय, तुम्ही साखळी कितीही ताणली तरी ती उतरणारच. कुणीतरी म्हणालं, नाही, आम्ही मोजलंय. मुक्ता म्हणाली, चुकीच्या जागेवरून मोजलंय. मग वाद सुरू झाला. माझी मुलगी पूर्ण वाक्यं बोलत होती, एकामागून एक, आणि हटत नव्हती. जेवायची वेळ टळून गेली. मी पायरीवर बसून बाईंनी आणलेली चटणी-पोळी खाल्ली. माधवीला फोन करून काय सांगावं ते मला सुचत नव्हतं.

शेवटी विद्यापीठाच्या सल्ला कक्षात गेलो. तिथल्या तरुण सल्लागाराने दोन्ही कार्यक्रमांची माहितीपत्रकं पुढे केली. बाईंनी ती बाजूला सरकवली आणि आपल्या कोल्हापुरी हेलाच्या पण खणखणीत जर्मनमध्ये दोनच प्रश्न विचारले. आत्ता नाही म्हटलं, तर नंतर परत मागता येतं का? आणि हो म्हटलं, तर मध्येच सोडता येतं का?

सल्लागार म्हणाला, सोडता दोन्ही येतात, महिन्याभराची सूचना द्यावी लागते. ऑनर्सला दुसऱ्या सेमिस्टरनंतर पुन्हा अर्ज करता येतो, मार्क आणि एका प्राध्यापकाची शिफारस लागते, आणि निम्मी मुलं तशीच येतात. लेर्नहाउस मात्र फक्त पहिल्या वर्षासाठी आहे.

मी गेले दहा दिवस दोन्ही वेबसाइट पाठ केल्या होत्या. हा प्रश्न मला पडला नव्हता.

परतीच्या गाडीत मुक्ताने अहवाल लिहिला. जर्मनमध्ये, एक पान. गाडी न्युरेम्बर्गला पोचायच्या आधी तिने तो माझ्याकडे दिला आणि स्वतः उठून डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. दोन्ही जागांचे गुणदोष तिने नीट लिहिले होते, बाथरूमसुद्धा. ऑनर्सच्या प्रयोगशाळेबद्दल तर माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं. खाली 'धोके' असं शीर्षक होतं. तिथे दोन ओळी होत्या. 'लेर्नहाउस: मी रोज कुणावर तरी चिडेन.' आणि 'स्टुडिओ: मी आठवडाभर बोलले नाही तर कुणाच्या लक्षात येणार नाही. मी तसं राहू शकते. मला माहीत आहे.'

मी ते दोनदा वाचलं. बाई समोर बसून संत्रं सोलत होत्या. त्यांनी मला अर्धं दिलं.

मुक्ताने दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे स्वतः ई-मेल पाठवले. मी दादांना फोन केला. म्हणालो, ऑनर्स मिळालंय पण ती ते एका वर्षाने घेणार आहे, आत्ता दुसऱ्या एका कार्यक्रमात जातेय. दादा फार प्रेमाने म्हणाले, "असू दे रे. नाही मिळालं तर नाही मिळालं. मुलगी हुशार आहे." मी आजतागायत त्यांना पटवू शकलेलो नाही.

ऑक्टोबरमध्ये सामान पोचवायला भाड्याचा ट्रान्सपोर्टर, म्हणजे सामानाची मोठी व्हॅन, घेतला. चालवला बाईंनी, कारण तेवढी मोठी गाडी मला मागे घेता येत नाही. त्यांनी मुक्ताच्या खोलीतलं शेल्फ भिंतीत घट्ट बसवलं, खिडकीची कडी तपासली, आणि खिडकीला एक मायनर दिला. कुरळ्या केसांची मुलगी मुक्ताला हाका मारत वर आली, तेव्हा मुक्ता आम्हाला निरोप द्यायचं जवळजवळ विसरलीच. माधवी दोन दिवस तिथेच एका मैत्रिणीकडे राहणार होती. म्हणून परतताना ट्रान्सपोर्टरमध्ये मी आणि बाई दोघंच.

दुपारचं स्वच्छ ऊन होतं. मागे रिकामी गाडी खडखडत होती. मला आभार मानायचे होते आणि ते नीट जमत नव्हते. शेवटी म्हणालो, "बाई, तुम्ही एवढं कशाला करता? सुट्टी घालवलीत, आता हा रविवारही."

"रविवारी मी काय करतो असं वाटतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. मग आपणहूनच बोलायला लागल्या. नजर रस्त्यावर.

"मी जर्मनीत आलो ना, ते न्युरेम्बर्गला नाही. एका लहान गावात नोकरी होती. स्वतंत्र खोली दिलती कंपनीनं, नवी कोरी. घरी पत्र लिहिलं, आई, मी राणीसारखा राहतो. शनिवारी दुपारी दुकानं बंद व्हायची. तिथनं सोमवार सकाळपर्यंत तोंडातनं शब्द नाही. एका सोमवारी 'गुटन मॉर्गन' म्हणायला गेलो, तर आवाजच फुटला नाही. लोकांना वाटलं, घसा बसलाय."

नीट ऐकू यावं म्हणून मी माझ्या बाजूची काच वर केली.

"मग मी रविवारी स्टेशनवर जायला लागलो. चौकशीच्या खिडकीत एक वयस्कर माणूस असायचा. त्याला गाडी विचारायचो. या रविवारी हांबुर्ग, पुढच्या रविवारी म्युनिक. कुठं बदलायची, किती वाजता पोचते. तो जाड पुस्तक काढून नीट सांगायचा. मी 'डांके', आभारी आहे, म्हणायचो आणि घरी यायचो."

"जायचं कुठे असायचं तुम्हाला?"

"कुठंच नाही ओ."

एक बस आमच्या बाजूने गेली. ती पुढे जाईपर्यंत बाई थांबल्या.

"असं वर्षभर चाललं. एकदा मी ब्रेमेन विचारलं. त्यानं वेळा सांगितल्या, कागदावर लिहून दिल्या. आणि म्हणाला, पुढचे दोन रविवार मी रजेवर आहे. माझ्या जागी एक बाई बसतील. मी त्यांना सांगून ठेवलंय, की तुम्ही याल."

"म्हणजे त्याला माहीत होतं," मी म्हणालो.

"गेनाऊ." बाईंनी चष्मा वर सरकवला. "मला लाज वाटली. वाटलं, आता जायचं नाही."

"मग? गेलात?"

"गेलो की. त्या बाईनं आधी माझं नाव विचारलं. कारखान्याबाहेर या देशात पहिल्यांदा कुणी मला नाव विचारलं. तिला 'कुमुद' म्हणता येईना, तर मी तीनदा सांगितलं. ती तीनदा म्हणाली. मागं माणसांची रांग होती."

न्युरेम्बर्गची पाटी आली. बाईंनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि गाडी उजव्या बाजूला घेतली.